दारातला अलार्म आणि आपली ताठ मान



भीमजयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून खरेदीची एकच गडबड उडते. पोराबाळांना नवे कपडे, माउलीला पांढरी साडी, कुणाला बूट, कुणाला चप्पल. आपल्या आजी-आजोबांच्या काळी ही खरेदी कशी होत असे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. अनेक गावांत आपल्या माणसाला दुकानाची पायरी चढता येत नव्हती. तो खाली उभा राही, माल वरून टाकला जाई आणि त्याचे पैसे पाणी शिंपडून उचलले जात. आज आपली मुले मोठमोठ्या दुकानांत, मॉलमध्ये ताठ मानेने शिरतात, माल हातात घेऊन पाहतात, अंगाला लावून पाहतात. हा बदल फुकट झालेला नाही. त्यामागे परमपूज्य बाबासाहेबांचे आयुष्य खर्ची पडले आहे.

या मोठ्या दुकानांच्या दारात दोन खांब उभे असतात. कुठे पांढरे, कुठे करडे. बिल न केलेली वस्तू घेऊन कुणी त्यांच्यामधून गेले की अलार्म वाजतो. आमच्या भगिनी या खांबांविषयी नेहमी चार प्रश्न विचारतात. हे खांब नेमके काय पाहतात? आपल्या पिशवीतले सगळे त्यांना दिसते काय? त्यांचा शरीराला अपाय होतो काय? आणि आपण काहीही घेतलेले नसताना अलार्म वाजला तर काय करायचे? या आठवड्यात या चारही प्रश्नांची उत्तरे देण्याचे आम्ही योजले आहे. चौथा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण पहिले तीन समजल्याशिवाय चौथ्याचे उत्तर ठामपणे देता येत नाही.

खांबांना काय दिसते?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. हे खांब काहीच 'पाहत' नाहीत. त्यांच्यात कॅमेरा नाही, क्ष-किरण नाहीत. तुमच्या पिशवीत भाकरी आहे की पुस्तक, पर्समध्ये किती पैसे आहेत, हे त्यांना मुळीच कळत नाही. ते फक्त एकाच वस्तूची चाहूल घेत असतात. ती वस्तू म्हणजे मालाला लावलेला टॅग.

टॅग दोन प्रकारचे दिसतात. कपड्यांना प्लास्टिकचा टणक टॅग टाचणीने अडकवलेला असतो. त्याच्या पोटात पोलादाच्या बारीक गोळ्या असतात. स्प्रिंगच्या दाबाने त्या टाचणीला आवळून धरतात, म्हणून तो हाताने ओढून निघत नाही. काउंटरवर जोरदार लोहचुंबक बसवलेला असतो. टॅग त्यावर ठेवला की चुंबक आतला भाग मागे खेचतो, गोळ्या सैल होतात आणि टाचणी सुटते. दुसरा प्रकार म्हणजे चिकटवलेली पांढरी पट्टी. साधारण साडेचार सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद, किंचित फुगीर. शॅम्पू, दाढीची पाती, सौंदर्यप्रसाधने यांच्या खोक्यावर ती असते, कधी खोक्याच्या आतही असते. तिच्यावर बारकोडसारख्या काळ्या रेघा छापलेल्या असतात, पण त्या बहुधा नुसत्या दिखाव्याच्या असतात. खरे काम पट्टीच्या पोटात चालते.

कागदी चौकोनी टॅगही असतात. त्यांत ॲल्युमिनियमची गुंडाळी असते आणि ते रेडिओलहरींवर चालतात. आज आपण लोहचुंबकाच्या पट्टीपुरतेच बोलू, कारण तिची करामत समजण्यासारखी आहे.

रुळाच्या तुकड्याची घंटा

आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे. शिपाई त्यावर हातोडी मारी. हातोडी उचलली तरी रूळ काही वेळ घुमत राही. पांढऱ्या पट्टीच्या पोटात असाच एक चिमुकला रूळ आहे असे समजा. हा रूळ म्हणजे केसापेक्षाही पातळ अशी धातूची फीत. ती आत मोकळी ठेवलेली असते, कारण तिला थरथरायला जागा हवी.

दारातला खांब तिला हातोडी मारतो, पण ती हातोडी लोहचुंबकाची असते. सेकंदाला ५८ हजार कंपने होतील अशी चुंबकीय लहर खांब क्षणभर सोडतो आणि लगेच गप्प होतो. त्या शांततेत तो कान देऊन ऐकतो. जवळपास पट्टी असेल तर ती अजून त्याच सुरात घुमत असते. खांबाला तो सूर ऐकू आला की अलार्म वाजतो. सेकंदातून कित्येक वेळा असे मारणे आणि ऐकणे चालू असते. माणसाच्या कानाला फार तर २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, म्हणून हा सगळा संवाद आपल्या देखत होऊनही आपल्याला त्याची दाद लागत नाही. तुमचा स्टीलचा डबा, किल्ल्या, सुटी नाणी यांचा सूर वेगळा असतो. म्हणून ती त्या हातोडीला उत्तर देत नाहीत आणि निमूट पार होतात.

धातूची फीत चुंबकाने का थरथरते? १८४२ साली जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की चुंबकाच्या प्रभावाखाली लोखंडाची लांबी अगदी किंचित बदलते. चुंबकीय लहर सेकंदाला हजारो वेळा बदलली तर फीतही तितक्याच वेळा लांब-आखूड होऊ लागते. पण साधे लोखंड या कामाला पुरेसे चपळ नाही. १९६० मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, पोल डुवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा वितळलेला रस इतक्या झपाट्याने थिजवला की त्याचे स्फटिक बनायला वेळच मिळाला नाही. काचेसारखी रचना असलेला धातू तयार झाला. पुढे लोखंड, निकेल, कोबाल्ट यांच्यापासूनही अशा फिती निघू लागल्या आणि त्या चुंबकाला फार उत्तम प्रतिसाद देऊ लागल्या. अशी फीत वापरून चोरी पकडण्याच्या पद्धतीचे पेटंट १९८५ साली फिलिप अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अलाइड कॉर्पोरेशनतर्फे मिळाले. सेन्सरमॅटिक या अमेरिकन कंपनीने ती दुकानादुकानांत नेली. ही कंपनी काढणारे रोनाल्ड असाफ हे १९६० च्या दशकात ओहायो राज्यातल्या एका किराणा दुकानाचे व्यवस्थापक होते. दुकानातून माल उचलून पळणाऱ्यांमुळे ते वैतागले आणि त्यातूनच या धंद्याकडे वळले.

पट्टीत त्या फितीच्या शेजारी आणखी एक तुकडा असतो. तो कायमचा पण सौम्य लोहचुंबक. फितीला सूर लावून देण्याचे काम त्याचे. तुम्ही पैसे भरल्यावर काउंटरवरची मुलगी वस्तू एका सपाट पाटावरून फिरवते. त्या पाटात या शेजारच्या तुकड्याचे चुंबकत्व घालवण्याची सोय असते. तुकड्यातला चुंबक मेला की फितीचा सूर बिघडतो. मग खांब कितीही हातोड्या मारो, त्याला हवा तो सूर परत येत नाही.

इथे एक बाब मनात पक्की धरा. तुम्ही पैसे भरले की नाही, हे त्या पट्टीला ठाऊक नसते. तिला एवढेच ठाऊक असते की आपला सूर बिघडवला गेला की नाही. पैसे भरणे हे काम तुमचे. सूर बिघडवणे हे काम दुकानाचे.

पुस्तकातली पट्टी

अशीच पण वेगळ्या जातीची पट्टी मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या आत, पानांच्या शिवणीजवळ दडवलेली असते. हिची कल्पना दुकानाच्या पट्टीहून जुनी आहे. १९३४ साली पिएर आर्थर पिकार या फ्रेंच माणसाने पेटंट घेतले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात विशिष्ट धातू धरला की तो आपली अशी एक खूण परत पाठवतो आणि त्या खुणेवरून तो ओळखता येतो, हे त्याचे सार. १९७० च्या सुमारास थ्रीएम कंपनीने ग्रंथालयांसाठी अशा पट्ट्या बाजारात आणल्या.

गंमत अशी की या पट्टीचा न्याय दुकानाच्या पट्टीच्या अगदी उलट आहे. दुकानाची पट्टी गप्प करायची तर चुंबकत्व काढून घ्यावे लागते. पुस्तकाची पट्टी गप्प करायची तर तिच्या अंगावरच्या लहान तुकड्यांना चुंबकत्व द्यावे लागते. पुस्तक परत आले की ग्रंथपाल ते काढून घेतो आणि पट्टी पुन्हा जागी होते. दुकानातून गेलेली वस्तू परत यायची नसते. पुस्तक मात्र परत यायचे असते, पुढच्या वाचणाऱ्यासाठी.

ज्या महामानवाने दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी, त्यांचे आपण अनुयायी. आपल्या विहारातल्या वाचनालयात पट्टी नाही, खांब नाहीत. एक रजिस्टर असते, दोरीला बांधलेले पेन असते आणि विश्वास असतो. तरीही कपाटातली पुस्तके कमी होत जातात. नेणारा म्हणतो, "पुस्तकच तर आहे, वाचायला नेले." पण स्पर्धा परीक्षेचे ते पुस्तक पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणा गरीब पोराला मिळाले नाही, तर त्याचे काय गेले याचा हिशेब कोण करणार? ज्यांच्या घरी विहाराचे पुस्तक आहे त्यांनी ते जयंतीपूर्वी परत करावे, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

अलार्म काय सांगतो आणि काय सांगत नाही

आता चौथ्या प्रश्नाकडे वळू.

आमच्या परिचयाच्या एक भगिनी अंगणवाडीत काम करतात. मुलासाठी शाळेचे बूट घ्यायला त्या एका मोठ्या दुकानात गेल्या. बूट घेतले, पैसे भरले, बिल पदरात ठेवले. दारातून निघताना अलार्म वाजला. त्यांच्या पुढे-मागे आणखी दोन बाया चालल्या होत्या. त्यांच्या अंगावर भारी कपडे होते. रखवालदाराने त्या दोघींना हाताने 'जा' म्हणून खूण केली आणि आमच्या भगिनीला थांबवले. पिशवी उलटी केली. बिल दाखवले तरी आणखी एकाला बोलावले. येणारे-जाणारे पाहत होते. मुलगा आईचा हात घट्ट धरून उभा होता. अर्ध्या तासाने उलगडा झाला. त्यांच्या पर्सच्या तळाशी एका क्रीमचे जुने खोके होते. ते दुसऱ्याच दुकानातले, रीतसर पैसे देऊन घेतलेले. त्यावरची पट्टी त्या दुकानात गप्प करायची राहून गेली होती. ती इथे बोलली. "जा आता," एवढे म्हणून त्यांची सुटका झाली. 'माफ करा' हे दोन शब्दही कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. घरी आल्यावर मुलाने विचारले, "आई, त्यांनी आपल्यालाच का थांबवले?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नाही. यंत्राने तिघींपैकी कुणाकडे बोट दाखवले नव्हते. यंत्राला साडीची किंमत कळत नाही, चेहऱ्याचा रंग कळत नाही, जात कळत नाही. बोट दाखवले ते माणसाने. कुणाकडे पाहून चोर आठवावा, हे त्याच्या मनात आधीपासून ठरलेले होते.

अलार्म फक्त एवढेच सांगतो, की सुरात असलेली एक पट्टी या दारातून जात आहे. ती कुणाच्या पिशवीत आहे हे तो पुष्कळदा सांगू शकत नाही. ती चोरीची आहे की काउंटरवर कुणी विसरले, हे तर तो कधीच सांगू शकत नाही. काउंटरवर गर्दीत एखादी वस्तू पाटावरून फिरवायची राहते. कारखान्यातच खोक्याच्या आत चिकटवलेली पट्टी काउंटरवरच्या मुलीच्या नजरेला पडत नाही. एका दुकानातली जिवंत पट्टी दुसऱ्या दुकानात बोलते. म्हणून अलार्म हा पुरावा नव्हे. अलार्म म्हणजे फार तर चौकशीचे निमंत्रण, आणि तेही सभ्यतेने द्यायचे.

संशयाचा जुना वारसा

संशयाची ही नजर आपल्याला नवी नाही. घरकाम करणाऱ्या आपल्या किती बहिणींनी हे सोसले आहे! मालकिणीची अंगठी सापडेनाशी झाली की पहिली झडती कामवालीची होते. अंगठी नंतर मोरीच्या कोपऱ्यात सापडते, पण तोवर कामही गेलेले असते आणि अब्रूही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढच्या काळात तो देशभर पसरला. त्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काही केले असो वा नसो, त्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण पारधी बांधवाच्या मागे लागलेला संशय गेला काय? तो बांधव आपल्यापासून वेगळा नाही, हे आपण विसरता कामा नये.

आपल्या समाजाचा इतिहास तर आणखी विलक्षण आहे. गावगाड्यात वेसकर कोण होता? महार. गावच्या वेशीवर रात्रंदिवस पहारा द्यायचा, कोण आले कोण गेले ते लक्षात ठेवायचे, चोराचा माग काढायचा, सरकारी खजिना पोहोचवायचा. एवढ्या विश्वासाचे काम त्याच्याकडे आणि त्याचे घर मात्र वेशीच्या बाहेर! साऱ्या गावाची मालमत्ता ज्याने राखली त्याला गावात पाणी नाही, देवळात पाय नाही. मोबदला काय, तर बलुत्याची भाकर. ही गुलामगिरी ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतने अखेर १९५८ च्या कायद्याने संपली.

आणि आज? मॉलच्या दारात, बँकेच्या दारात, सोसायटीच्या फाटकावर निळा-करडा गणवेश घालून बारा-बारा तास उभा कोण असतो? त्यातले कितीतरी आपलेच भाऊ, आपल्याच बहिणी. म्हणून आमचे एक सांगणे गिऱ्हाइकाला आहे, तसेच एक सांगणे रखवालदारालाही आहे. बाबांनो, तुमची नोकरी प्रामाणिक कष्टाची आहे, तिची लाज बाळगू नका. पण अलार्म वाजल्यावर गरिबाला धरायचे आणि श्रीमंताला सलाम करायचा, हे तुमच्या हातून होऊ देऊ नका. "ताई, जरा थांबता का, एखादी पट्टी राहिली असेल, काउंटरवर पाहून घेऊ," एवढे म्हणायला पैसे पडत नाहीत. थांबवायचे तर सगळ्यांना सारख्याच शब्दांत थांबवा. समतेचा धडा आपण विहारात गिरवतो. तो वापरायची जागा हीच.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हे नवे कायदे लागू आहेत. त्यांतले आपल्या कामाचे तेवढे सांगतो.

चोरीची व्याख्या न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. चोरी ठरण्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो. दुकानाने पट्टी काढायची विसरली म्हणून गिऱ्हाईक चोर होत नाही.

दुकानाचा रखवालदार हा पोलीस नव्हे. खासगी माणसाला दुसऱ्याला अटक करण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे फार मर्यादित आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा त्याच्या समक्ष घडला तर, किंवा समोरचा न्यायालयाने जाहीर केलेला फरारी असेल तर, एवढाच. आणि अशा माणसाला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. कारण नसताना कुणाला कोंडून ठेवणे, वाट अडवणे हा स्वतःच गुन्हा आहे. त्यासाठी न्याय संहितेची कलमे १२६ आणि १२७ आहेत.

अटक झालेल्या स्त्रीची झडती पोलिसांनासुद्धा स्त्रीकडूनच आणि पूर्ण सभ्यता राखूनच घ्यावी लागते. मग दुकानातल्या पुरुष नोकराने बाईच्या अंगाला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. कुणी चारचौघांत जातीवरून अपमान केला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे.

तेव्हा अलार्म वाजला तर पळू नका, घाबरू नका आणि आवाजही चढवू नका. शांतपणे थांबा. बिल हातात धरा. बिल दुकानाबाहेर पडेपर्यंत फेकू नये, ही सवय मुलांनाही लावा. "माझी वस्तू तुमच्या काउंटरवर पुन्हा तपासा," असे सांगा. एकेक वस्तू वेगवेगळी खांबांतून नेली की बोलणारी पट्टी तत्काळ सापडते. पिशवी आपल्या हाताने उघडून दाखवा, दुसऱ्याला त्यात हात घालू देऊ नका. प्रकरण चिघळले तर व्यवस्थापकाला बोलवा. तरी ऐकेनात तर आपणच ११२ क्रमांकावर फोन करून पोलिसांना बोलवा. ज्याचे मन स्वच्छ आहे त्याने पोलिसांना भिण्याचे कारण नाही. घरी आल्यावर नव्या वस्तूंवरच्या पट्ट्या खरवडून काढून टाकायला विसरू नका.

आता राहिला तिसरा प्रश्न, शरीराच्या अपायाचा. निरोगी माणसाने खांबांतून जाण्यात भिण्यासारखे काही नाही. मात्र ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे यंत्र बसवले आहे, त्यांनी काळजी घ्यावी. खांबांच्या चुंबकीय लहरीने अशा यंत्राच्या कामात अडथळा आल्याची नोंद १९९८ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. डॉक्टर सांगतात ते सोपे आहे. खांबांमधून नेहमीच्या चालीने सरळ निघून जावे. तिथे रेंगाळू नये, खांबाला टेकू नये, त्याच्या शेजारच्या बाकावर बसून राहू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे जरूर सांगा.

शील आणि उघडी दारे

आता शेवटचे, आणि ते आपल्या घरातल्या मुलांसाठी. अन्यायाने कुणी चोर म्हटले तर मान ताठ ठेवायची, हे आम्ही सांगितले. पण मान ताठ ठेवण्याचा अधिकार शीलातून येतो. पंचशीलातले दुसरे शील न दिलेली वस्तू घेण्यापासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही चोरी न करण्याची प्रतिज्ञा आहे. "मॉलवाल्याचे काय जाते, तो श्रीमंत आहे," असे एखादा पोरगा मित्रांत बसून म्हणतो. त्याला जवळ बसवून सांगा, की शील हे मॉलवाल्यासाठी नाही, ते तुझ्यासाठी आहे. खांब दारात असतो, शील मनात असते. जिथे खांब नसतो तिथेही ते जागे राहते. चुकून अलार्म वाजल्यावर तुझी आई ज्या बळावर शांत उभी राहू शकते, ते बळ तिला याच शीलाने दिले आहे.

पण सारे शील गरिबानेच पाळायचे काय? १९९२ मध्ये रोखे बाजारात कोट्यवधींचा घोटाळा झाला, तेव्हा कुठल्या दारातला अलार्म वाजला होता? शॅम्पूच्या बाटलीला पट्टी आहे, बँकेच्या तिजोरीतून वहीखात्यावरच्या वाटेने जाणाऱ्या पैशाला पट्टी नाही.

चोरी थांबवायची कशी, यावर भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी विचार मांडला आहे. दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात महाविजित राजाची गोष्ट येते. राजाच्या राज्यात चोर-दरोडेखोरांचा सुळसुळाट झालेला असतो. त्याचा पुरोहित सल्ला देतो, की मारून, कोंडून, हद्दपार करून हे थांबणार नाही, जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. जो शेती करतो त्याला बी-बियाणे द्या, जो व्यापार करतो त्याला भांडवल द्या, जो नोकरी करतो त्याला योग्य वेतन द्या. राजा तसे करतो. लोक आपापल्या कामात गुंततात, राज्य शांत होते. आयाबाया लेकरांना कडेवर नाचवतात आणि घरांची दारे उघडी टाकून लोक सुखाने राहतात.

दाराला खांब लावणे हा दुकानदाराचा मार्ग आहे, त्याला आमची हरकत नाही. दारे उघडी ठेवता येतील असा समाज घडवणे हा तथागतांचा मार्ग आहे. त्या मार्गावर पहिले काम आपल्या हातात आहे. घरात शील, हातात पुस्तक आणि अन्यायापुढे ताठ मान. येत्या जयंतीच्या खरेदीला निघताना मुलांना एवढे सांगूनच घराबाहेर पडा.

जयभीम! नमो बुद्धाय!